मढच्या विहिरीचे पाणी

घाटकोपरच्या वाचनालयातर्फे मी आठ हिवाळे सहली नेल्या. ऐंशी सालानंतरची ती वर्षे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्यातला एक रविवार. सकाळी सातला वाचनालयाच्या पायरीशी जमायचे आणि दिवेलागणीच्या आत परतायचे. अंधेरीची महाकाली लेणी, जोगेश्वरीची गुंफा, बोरिवलीचे मंडपेश्वर आणि कान्हेरी. लोकांना वाटे, चार ठिकाणे म्हणजे चार रविवारांचे काम. माझी आठ वर्षांतही ती पुरती पाहून झाली नाहीत.

मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढत असे. त्या कामात अंदाजाला जागा नसते. लेण्यांकडेही मी मोजपट्टी घेऊनच गेलो. प्रत्येक सहलीच्या आधीच्या रविवारी मी एकटा जाऊन खांब, दारे, कोनाडे मोजून येई आणि जाड पुठ्ठ्याच्या एका वहीत उतरवी. वहीत पाच रकाने होते: स्थळ, माप, दगड, पाणी, आधार. पाण्याचा रकाना लेण्यांसाठी लागतोच. जिथे माणसे राहिली तिथे त्यांनी आधी टाके खोदले. आधाराच्या रकान्यात मी एकच शब्द लिहीत असे: स्वतः. पुस्तकात वाचलेले, पुजाऱ्याने सांगितलेले, गावातल्या म्हाताऱ्याने शपथेवर सांगितलेले, यांपैकी काहीही त्या वहीत जात नसे.

माझ्याजवळ बारा महिने एक लांब काळी छत्री असे. जानेवारीतही असे. तिने दाखवायचे, आणि तिच्या टोकाने दगड वाजवून पाहायचा. पोकळ दगड लगेच कळतो.

सहलीचे नियम मी केलेले होते. दोनशे वर्षांच्या आतली वास्तू घ्यायची नाही. मूर्तीला हात लावायचा नाही. सर्वांत पुढे मी, सर्वांत मागे माझी पत्नी, आणि मधल्या माणसांनी मधेच राहायचे. प्रत्येक वळणावर, प्रत्येक दाराशी मी थांबे. मागून तिने माणसे मोजून आकडा सांगायचा. आकडा ऐकल्याशिवाय मी पुढचे पाऊल टाकायचे नाही.

हा नियम जोगेश्वरीमुळे झाला. तिथे दगडी पायऱ्या उतरून आत गेले की दिवसाही काळोख असतो. वर झोपड्या, खाली गुंफा, आणि छतातून बाराही महिने पाणी ठिबकते. पहिल्याच वर्षी तिथे एक बाई मागे राहिल्या आणि अर्धा तास देवीच्या गाभाऱ्याशी रडत बसल्या. त्यानंतर पत्नी मागे चालू लागली. मी विजेरी घेऊन पुढे असे. मागे वळून पाहिले तर डोळ्यांसमोर नुसता अंधार, आणि त्या अंधाराच्या दुसऱ्या टोकाकडून तिचा आवाज येई: "अठ्ठावीस." मग मी चालू लागे. ती दुसरे काही बोलत नसे. एवढ्या एका शब्दावर मी पुढे जात होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आले नव्हते.

आमच्यात टपाल खात्यातले एक गृहस्थ होते. एकही सहल त्यांनी चुकवली नाही आणि एकही व्याख्यान पुरते ऐकले नाही. ते म्हणत, "साहेब इंजिन, वहिनी गार्ड. आपण सगळे मालडबे."

"मालडब्यांनी गप्प बसायचं असतं," पत्नी मागून म्हणे.

"वहिनी, माल म्हणजे बटाटेवडे आहेत हो. बोलले नाहीत तर थंड होतील."

मी छत्री आपटी. सगळे गप्प होत.

पत्नीचे एक मागणे होते. लग्नानंतर मला ते समजले आणि पुढे दर वर्षी ऑक्टोबरात, मी सहलींची यादी करायला बसलो की, ते पुन्हा निघे. तिचे वडील कोकणातून आलेले. मढला समुद्राकाठी एका व्यापाऱ्याने हवापालटासाठी बांधलेल्या बंगल्याचे ते राखणदार होते. मागच्या अंगाच्या दोन खोल्यांत ती अकरा वर्षांची होईपर्यंत राहिली. बंगला विकला गेला आणि ते कुटुंब घाटकोपरच्या चाळीत आले. आई त्यानंतर फार जगली नाही.

त्या बंगल्याच्या मागे, बदामाच्या झाडाखाली, चौकोनी विहीर होती. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीचे पाणी मात्र गोड. होळीनंतर गावातल्या विहिरी मचूळ होत, तेव्हा मालकाच्या परवानगीने कोळणी आणि वाडीतल्या ख्रिस्ती बायका इथे पाण्याला येत. घरटी दोन हंडे. कोणी तिसरा भरू नये म्हणून पत्नीची आई पहाटे विहिरीच्या काठाशी उभी राहून हंडे मोठ्याने मोजत असे.

"मोजायला मी तिथंच शिकले," पत्नी सांगे. "शाळेत नाही."

तिचे मागणे एवढेच की, त्या विहिरीचे पाणी एकदा प्यायचे. बंगला पाहायचा नव्हता, खोल्या पाहायच्या नव्हत्या. एकदा मढ यादीत घाला, म्हणजे मी ओंजळभर पाणी पिऊन येईन, असे ती म्हणे.

मी म्हणे, "ते घर शंभर वर्षांचंसुद्धा नाही. सहलीचा नियम आहे."

"मग आपण दोघंच जाऊ."

"बघू."

कारखान्याला साप्ताहिक सुट्टी रविवारी. महिन्याचा एक रविवार सहलीचा, एक मोजमापाचा. उरलेल्या दोन रविवारी मी वही स्वच्छ अक्षरात उतरवी. मला खरोखर वेळ नव्हता, असे मी तेव्हा प्रामाणिकपणे मानत होतो.

एकदा कान्हेरीला, वरच्या लेण्यांशी, मी टाक्यांविषयी सांगत होतो. डोंगरावरचे पाणी खडकातल्या बारीक पन्हळींतून कसे एकेका टाक्यात आणले आहे, हे मी छत्रीने दाखवत होतो. तेवढ्यात मागे कुजबुज झाली. पाहतो तर पत्नी टाक्याशी वाकून ओंजळीने पाणी पीत होती.

"अगं, काय करतेस?"

"चव बघते."

"कशी आहे वहिनी?" टपालवाले म्हणाले.

तिने तोंड पुसले. "बरं आहे. आमच्या मढची सर नाही."

लोक हसले. मीही व्याख्यान पुढे चालू केले. वहीत त्या टाक्याची लांबी, रुंदी आणि खोली आहे. चवीचा उल्लेख नाही.

मढ शेवटी यादीत आले ते तिच्या सांगण्यावरून नव्हे, हे मला लिहिले पाहिजे. सहाव्या वर्षी वाचनालयाच्या बैठकीत टपालवाल्यांनी विषय काढला. "साहेब, लेण्यांना पुष्कळ नमस्कार झाले. एकदा समुद्र दाखवा. मढला जुने बंगले आहेत, किल्ला आहे, मासळी आहे." कार्यकारिणीने माना हलवल्या. किल्ला पोर्तुगीज काळातला, म्हणजे नियमात बसणारा. त्याच्या आडोशाने बंगलाही बसवता आला. मी घरी येऊन एवढेच सांगितले, "जानेवारीत मढ."

ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली. "आमचा बंगला?"

"किल्ला. आणि बंगला."

त्या रात्री तिने माळ्यावरून माहेरचा पितळी तांब्या काढला आणि चिंचेने घासला.

सहलीच्या आधीच्या रविवारी मी मोजमापाला गेलो नाही. आठ वर्षांत तेवढे एकदाच. किल्ला सैन्याच्या ताब्यात असल्याने बाहेरूनच पाहायचा होता, आणि एका बंगल्यासाठी पूर्वतयारी करावी असे मला वाटले नाही. बंगल्याच्या मालकाला वाचनालयाचे पत्र गेले होते, परवानगी आली होती. चित्रपटांच्या कामासाठी बंगला भाड्याने देतात, त्या रविवारी काम नाही, सकाळी अकरानंतर यावे, कशालाही हात लावू नये, असे उत्तरात होते.

आम्ही एकतीस जण निघालो. घाटकोपरहून बसने अंधेरी, तिथून वर्सोवा, मग होडीने खाडीपार. होडीत पत्नी नेहमीप्रमाणे मागे बसली होती. पिशवी मांडीवर, पिशवीत तांब्या. तिने त्या दिवशी नवे लुगडे नेसले होते. हे मला दिसले होते.

किल्ला बाहेरून पाहून झाला. ओहोटी लागली की होडी धक्क्यापर्यंत येत नाही, म्हणून दीडच्या आत परतायचे ठरवून मी माणसे बंगल्याकडे नेली. फाटकाशी थांबलो. मागून आवाज आला, "एकतीस." त्या आवाजात त्या दिवशी थोडी घाई होती.

आत हिरवळ होती आणि हिरवळीच्या मधोमध एक विहीर. गोल, उंच काठाची, काळ्या दगडाची. काठावर कमळाची नक्षी, बाजूला दोन खांब आणि त्यांवर लाकडी रहाट. दगडावर शेवाळ. आणि काठाच्या कडेला दोरांनी पडलेल्या खाचा, बोट जाईल एवढ्या खोल. अशा खाचा मी कान्हेरीला पाहिल्या नव्हत्या, मंडपेश्वरला पाहिल्या नव्हत्या. माझा नियम, माझी वही, सगळे बाजूला पडले. मी बोलू लागलो.

मी त्या खाचांवर पाव तास बोललो. सुती दोराने दगड कापायला किती पिढ्या लागतात, एका दिवसात किती घागरी ओढल्या जातात, बंगला नवा असला तरी विहीर त्याच्या कितीतरी आधीची कशी असली पाहिजे, व्यापाऱ्याने ती जागा निवडली ती विहिरीमुळेच कशी असेल. छत्रीने मी दगड वाजवून पाहिला नाही. हात लावू नये, असे पत्रात होते. माणसे गंभीरपणे ऐकत होती. टपालवालेसुद्धा.

पत्नी मागून म्हणाली, "अहो, आमची विहीर ही नाही. ती चौकोनी. मागे, बदामाखाली."

व्याख्यानात मला कोणी अडवलेले चालत नसे. मी सर्वांकडे पाहून म्हणालो, "लहानपणीच्या आठवणींचं हे असं असतं. माणूस अकराव्या वर्षी पाहिलेलं पुढे आपल्या सोयीनं बदलतो. म्हणून मी आठवणी वहीत घेत नाही. दगड खोटं बोलत नाही."

तिने तांब्याची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

तेवढ्यात राखणदार आला. साठीचा माणूस, खाकी अर्धी चड्डी, हातात झाडू. तो जरा वेळ ऐकत उभा राहिला, मग हात जोडून म्हणाला, "सायबानू, ती बाव खरी न्हय. शूटिंगवाल्यांनी केलेली असा. आत फळ्यो, वर पलिस्तर." आणि त्याने झाडूच्या दांड्याने काठाला हलकेच टोकले. ढब्ब असा आवाज झाला. कमळाच्या पाकळीचा टवका उडून हिरवळीवर पडला. आतून पांढरा होता.

सगळ्यांनी वाकून तो टवका पाहिला. मग टपालवाले म्हणाले, "साहेब, किती पिढ्यांचा दोर म्हणालात?"

मग सगळे हसले. वाईट मनाने नव्हे. सहा वर्षे ज्या माणसाने आपल्याला गप्प बसवले, तो एकदा चुकला, एवढाच तो आनंद होता. आज मला ते कळते. तेव्हा माझे कान तापले. मी घड्याळ पाहिले. सव्वाबारा वाजले होते. वेळ भरपूर होता.

"ओहोटी लागेल," मी म्हणालो. "चला."

फाटकाबाहेर पडून मी धक्क्याच्या वाटेने चालू लागलो. वळणावर थांबलो नाही. आकड्याची वाट पाहिली नाही. माझ्यामागे माणसे धावतपळत येत होती आणि मी मान वळवली नाही.

धक्क्याशी पोचल्यावर टपालवाले दम खात म्हणाले, "साहेब, गार्ड कुठाय?"

मी तेव्हा मागे पाहिले. वाटेवर कोणी नव्हते.

ती वीस मिनिटांनी आली. भरभर चालत, लुगड्याचा काठ धुळीने भरलेला. तिने माणसांवरून नजर फिरवली, ओठ हलवले आणि म्हणाली, "एकतीस." मग होडीत शेवटच्या फळीवर बसली. पिशवी मांडीवर. तांब्या रिकामा होता, हे तो ज्या तऱ्हेने पिशवीत कलंडला त्यावरून कळत होते.

घरी गेल्यावर मी विचारले, "कुठे राहिलीस?"

"राखणदाराशी बोलत होते."

ती माझ्याशी कधी मालवणीत बोलली नाही. पण त्या माणसाशी झालेले बोलणे तिने जसेच्या तसे सांगितले.

"मी म्हटलं, काका, खरी बाव खंय असा? तो म्हणाला, मागल्या दारी, बदामाकडे. शूटिंगवाल्यांची पोरां पडतीत म्हणून फळ्यो घातल्यानी. मी म्हटलं, पाणी? तो म्हणाला, अजून ग्वाड, साकरेसारख्या. मग म्हणाला, बाय, थांब, दोर हाडतंय. फळ्या काढल्या त्याने. मी वाकून बघितलं. पाणी दिसत होतं. दोर आणायला तो पुढच्या अंगाला गेला."

"मग?"

"मग तुम्ही सगळे दिसेनात. मी शेवटची. मी थांबले तर होडी थांबणार."

ती उठून स्वयंपाकाला लागली. मी माफी मागितली नाही. त्या काळी आमच्याकडे नवरे मागत नसत, हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगितले.

तांब्या पुन्हा माळ्यावर गेला. पुढच्या ऑक्टोबरात मी यादी करायला बसलो. ती समोर तांदूळ निवडत होती. मढचे नाव तिने काढले नाही. त्याच्या पुढच्या ऑक्टोबरातही काढले नाही. सहलींत ती मागे चालत राहिली आणि आकडा सांगत राहिली. पूर्वीसारखाच, चुकल्याशिवाय. फक्त जोगेश्वरीच्या काळोखात मी आता तो आकडा कान देऊन ऐकत होतो, आणि तो यायला जरा उशीर झाला तर छत्रीची मूठ घट्ट धरत होतो.

आठव्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी साथ दिली नाही. जोगेश्वरीच्या पायऱ्या तिला उतरता येईनात. त्याच आठवड्यात मी कारखान्यातून एका मंगळवारची रजा घेतली. आजारपण सोडून घेतलेली ती पहिली रजा.

सकाळी चहा घेताना मी म्हणालो, "चल. मढला जाऊन येऊ."

तिने बशी खाली ठेवली. "सहल आहे?"

"नाही."

"किती माणसं?"

"दोन."

स्टुलावर मी चढलो आणि तांब्या काढला. दोर मी आदल्या दिवशीच आणून ठेवला होता. नारळाच्या काथ्याचा, तीस हात. विहीर किती खोल, हे तिला आठवत नव्हते, म्हणून समुद्रकाठच्या पाण्याची पातळी गृहीत धरून मी हिशेब केला होता आणि वर दहा हात जास्त घेतले होते. या खेपेला दोरावाचून अडणार नव्हते.

बंगल्याचे फाटक बंद होते. बाहेर मोठ्या गाड्या, तारांची भेंडोळी, खुर्च्या. चित्रपटाचे काम चालू होते. फाटकावरचा माणूस आत सोडीना. मी वाचनालयाचे नाव सांगितले, त्याने ते ऐकूनही घेतले नाही. तेवढ्यात तोच राखणदार दिसला. त्याने पत्नीला ओळखले. फाटकाशी येऊन म्हणाला, "बाय, आज काय खरां नाय. संध्याकाळपर्यंत कोणाकच सोडणत नाय. माका मालक काढून टाकतलो."

"असूं दे काका," ती म्हणाली.

आम्ही परत फिरलो नाही. तिला निदान बदाम पाहायचा होता. कुंपणाच्या भिंतीला धरून एक बोळ मागच्या अंगाला जातो, त्या बोळाने आम्ही हळूहळू गेलो. ती भिंतीला हात लावून चालत होती. बदाम भिंतीवरून डोकावत होता. पाने लाल झाली होती. आत पंप धडधडत होता.

आणि पाऊस सुरू झाला. जानेवारीतल्या स्वच्छ उन्हात, फक्त त्या बंगल्यावर. आत लोखंडी नळ्यांच्या उंच घोड्यांवरून फवारे सोडले होते. कोणी नायिका खिडकीशी उभी असणार. वाऱ्याने त्या पावसाची एक पट्टी भिंतीवरून बोळात येत होती. मी सवयीने छत्री उघडली आणि दोघांच्या डोक्यावर धरली.

राखणदाराचे डोके भिंतीवर दिसले. तो आतून कशावर तरी चढला होता. "बाय," तो ओरडला, "ह्यो पावस आपल्याच बावडीचो! टँकर इलो नाय आज. पंप बावडीत सोडल्यानी!"

ती छत्रीखालून बाहेर गेली. गुडघे दुखणारी बाई दोन पावलांत भिंतीशी पोचली. तिने तोंड वर केले, ओंजळ धरली, थोडे जमू दिले आणि प्यायली. पुन्हा ओंजळ धरली, पुन्हा प्यायली. केस भिजले, कुंकू ओघळले. पन्नाशीची बाई भरदिवसा बोळात उभी राहून भिजत होती आणि काहीतरी पुटपुटत होती. जवळ गेल्यावर मला ऐकू आले. ती आकडे म्हणत होती. "एक... दोन..." एका घराचे दोन हंडे झाले, की पुन्हा एकपासून.

"तेच का?" मी विचारले.

"तेच."

"खात्री आहे?"

तिने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. "छत्री बाजूला करा ना. हात पुढे करा, कळेल."

माझ्या सदऱ्याच्या खिशात वही होती. मी म्हणालो, "वही भिजेल."

ती हसली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. मी क्षणभर तसाच उभा राहिलो. मग वही काढून पिशवीत, दोराच्या खाली ठेवली. छत्री मिटली. मूठ हाताला अडकवून ओंजळ पुढे केली.

आत कोणीतरी "कट" म्हणून ओरडले. पंप थांबला. पाऊस जसा आला तसा गेला. माझ्या ओंजळीत ऊन होते.

आम्ही तासभर वाट पाहिली. पुन्हा पाऊस पाडला नाही. जेवणाची सुट्टी झाली, मग दुसरे दृश्य निघाले, असे राखणदाराने सांगितले. ती म्हणाली, "चला आता. माझं झालं." होडीत ती माझ्या शेजारी बसली. मागे नाही. तिच्या लुगड्याची बाजू ओली होती आणि माझी बाही तिला लागून ओली झाली. मी हात काढून घेतला नाही.

त्या फेब्रुवारीत सहली थांबल्या. मागे चालायला दुसरे कोणी मी शोधले नाही. टपालवाले दोनदा विचारायला आले. मी नाही म्हणालो. त्यांनी आग्रह केला नाही.

ती जाऊन आता बरीच वर्षे झाली. नंतर एकदा मी एकटा मढला गेलो होतो. बंगला आहे. राखणदार वेगळा आहे. विहिरीवर लादी टाकून त्यावर जनित्र ठेवले आहे, आणि बदाम तोडला आहे. पाणी कसे आहे, हे त्या माणसाला ठाऊक नव्हते. तिथे विहीर आहे, हेही त्याला माझ्याकडूनच समजले.

तीस हातांचा तो दोर मी टाकला नाही. गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधला आहे. वही कपाटात आहे. शेवटच्या नोंदीत मापाचा रकाना कोरा आहे, कारण मापे मी घेतली नाहीत. दगडाचा रकाना कोरा आहे. पाण्याच्या रकान्यात 'गोड' असे लिहिले आहे. आधाराच्या रकान्यात 'स्वतः' लिहिता आले नाही. तिथे तिचे नाव आहे. त्या वहीत दुसऱ्या कोणाच्या शब्दावर केलेली तेवढी एकच नोंद आहे, आणि तिच्याविषयी मला शंका नाही.